हैबतदादाची रास

पाटाच्या शेपटीला ही दगडांची रास दिसते ना, तिला आम्ही हैबतदादाची रास म्हणतो. जवळ या, पण पाय लावू नका.

असे सांगतात की, हा पाट हैबतदादाने खणायला घेतला तेव्हा लोक हसले होते. नवव्या वर्षी पाणी आले आणि मग सगळेच त्यावर भांडू लागले. वरचे अडवायचे, खालची शेते वाळायची. गाऱ्हाणे संस्थानच्या दरबारात गेले. दीडशे वर्षे होत आली त्याला. राजाने तेव्हा पाटकरी हे नवेच पद काढले. पाण्याच्या पाळ्या पाटकऱ्याने ठरवायच्या. आणि त्याला दरबार नेमणार नाही, ज्यांची शेते तेच निवडतील. आमच्या मुलखात असे आधी कधी झाले नव्हते.

उभे राहिले दोघे. एक हैबतदादा, दुसरा वरच्या मळ्याचा आनंदराव. दादाला पदाचा मोह नव्हता म्हणे. शेपटीच्या शेतालाही पाणी पोचावे, एवढाच हट्ट. घरोघरच्या माणसांनी पाटाचे पाणी ओंजळीत घेऊन त्यालाच निवडण्याचा शब्द दिला.

निवडीला देवळात घोंगडीच्या आडोशाला दोन रांजण ठेवले. प्रत्येक घराने आपल्या शेतातला एक खडा टाकायचा. मोजायला घेतले तर दादाच्या रांजणात एकच खडा निघाला. तांबडा. त्याच्याच शेतातला.

दादाने दुसऱ्या रांजणात हात घातला आणि एक पांढराशुभ्र खडा काढला. असा खडा गावात एकाच शेतात निघे, सुकदेवच्या. नऊ वर्षे दोघांनी एका भाकरीवर खणले होते.

"सुकदेवा, हा तुझाच ना रे?"

"दादा, त्यानं पहिली पाळी देतो म्हटलं. मला वाटलं, बाकीचे तुलाच टाकतील. माझ्या एकानं काय अडतंय?"

मागून कोणी पुटपुटले, "मलाही तेच वाटलं." मग आणखी कोणी. पहिली पाळी आनंदरावाने प्रत्येक घराला कबूल केली होती.

दादाने तो खडा त्याच रांजणात परत टाकला. फावडे उचलले आणि इथे येऊन खोपटे बांधले. गावात तो पुन्हा आला नाही.

त्या साली पाणी आनंदरावाच्या मळ्याखाली उतरलेच नाही. पौषात सुकदेवचा हरभरा उभा करपला. आपल्या शेतातला पांढरा दगड घेऊन तो इथे आला. "दादा, घे."

दादाने हात पुढे केला नाही. "ठेव तिथं," एवढेच म्हणाला.

मग एकेक घर येत गेले. सगळ्यांना तेच उत्तर. दादा गेला तेव्हा रास गुडघ्याएवढी झाली होती, असे म्हणतात.

आजही पाटकरी निवडायच्या दिवशी प्रत्येक घर आधी इथे दगड ठेवते, मग देवळात जाते. आडोसा आता नसतो. खडा सगळ्यांदेखत टाकायचा. तुम्ही पाहुणे, तुम्ही दगड उचलू नका. तुम्ही दादाला शब्द दिला नव्हता. अगदी तळाशी तो पांढरा आहे ना, तो आमच्या घरचा.