खारीच्या तीन विती

मोजपट्टी अजून कुणाला ठाऊक नव्हती, त्या काळी नदीकाठी जनावरांची एक जत्रा भरायची. जो तो आपल्या हातानं घडवलेल्या वस्तू मांडून बसायचा. तिथे अस्वलदादा बांबूच्या टोपल्या विणायचा. "मोजण्यात माझी चूक? शक्यच नाही!" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा.

एकदा खार आपली टोपली ओढत, धापा टाकत आली. "दादा, कावळे माझ्या टोपलीतल्या शेंगा पळवतायत. तीन विती रुंद झाकण विणून दे, लवकर!"

अस्वलदादानं पंजा पसरून तीन विती मोजल्या, होता नव्हता तो सगळा बांबू चिरला आणि दुपारपर्यंत झाकण तयार केलं. ते पाहून खारीनं कपाळावर हात मारला. "अरे, हे झाकण आहे की मांडवाचं छप्पर?"

"तीन म्हणालीस, तीनच मोजल्या!" अस्वलदादा गुरगुरला.

खारीनं आपला इवलासा पंजा झाकणावर ठेवला. "तीन बरोबर आहेत रे. पण कुणाच्या?"

अस्वलदादानं तिचा पंजा पाहिला, मग स्वतःचा. त्यानं खारीच्या टोपलीच्या तोंडावर एक काडी धरली, तेवढीच तोडली आणि मोठं झाकण उसवून त्या मापाचं छोटं विणलं. ते चपखल बसलं.

तेवढ्यात हत्ती डुलत डुलत आला. "मला दोन पावलं लांब चटई हवी."

मोजायला अस्वलदादानं सवयीनं पाय उचलला, आणि तसाच खाली ठेवला.

"हत्तीराव, दोन कळलं," तो म्हणाला. "आता पाऊल दाखवा."