बारा दाण्यांची परतफेड

चार बुकंसुद्धा शिकलो नाही, तरी बचत गटाच्या बायांनी वही पुढ्यात आपटली, म्हणाल्या गोष्ट लिहा. घ्या, लिहिली.

फार मागं, माणसाला नांगर ठाऊक नव्हता तेव्हा, माळावर एक उंदरीण राहायची. पदरी चार पिल्लं आणि घरात कणही नाही. मुंग्यांनी तिला पेरायला ज्वारीचे बारा दाणे उसने दिले. अट एकच, दर आठवड्याला एक दाणा परत.

"मुंगीताई, कणसं यायला चार महिने लागतात गं."

"नियम सगळ्यांना सारखा. हत्तीलाही हाच."

"हत्तीच्या दारात गवताची गंज असेल. माझ्याकडं काय, शेपूट?"

पण घेतले. पिल्लं रडली तरी तिनं एक दाणा खाऊ दिला नाही. सगळे कोरड्या मातीत पेरले. पाऊस लांबला. आठवडा भरला की मुंगी दारात हजर. देणार कुठून? उंदरीण पेरलेला एक दाणा उकरायची आणि धूळ झटकून द्यायची. बाराव्या आठवड्याला शेवटचा दाणा गेला. तेराव्याला पाऊस आला.

मग मुंग्यांच्या उसन्या दाण्यांनी कुणाचं किती भलं झालं ते तपासायला टिटवी आली.

"दाणे फेडले?"

"सगळे."

"शाब्बास!" टिटवीनं पायानं मातीवर लिहिलं, उंदरीण सुधारली.

"अगं बाई, रान तरी बघून जा!"

टिटवी केव्हाच उडाली होती.

कर्जाचे हप्ते फिटले एवढंच बघून आमच्या बहिणीचं, सोनाबाईचं घरही सुधारलं म्हणून असंच लिहून नेलं. चुलीकडं बघितलंसुद्धा नाही. माफी अजून मागितलेली नाही त्या कर्ज तपासायला आलेल्या अविनाश टेमकरनं.