झोपलेला तिसरा द्वारपाल

एका राज्यात अरिंजय नावाचा राजा होता. कोठारे भरलेली, प्रजा सुखी, आणि दरबाराला एक रीत होती, जी मला कधीच पटली नाही. राजापुढे जे ठेवायचे, त्याचे नाव घ्यायचे नाही. राजाला सगळे ठाऊक असते, त्याला सांगणारे आपण कोण? फळ असो की तलवार, लोक मुकाट ठेवत, मुजरा करत, मागे सरत. आणि राजानेही 'हे काय?' असे कधी विचारायचे नाही. विचारले तर सिंहासनाची शोभा गेली!

एकदा राजा शिकारीला गेला. डोंगरातल्या गुहेत त्याला रत्नांचा कंठा दिसला. शेजारी भंगुर नावाचा जादूगार बसला होता. कंठा कोणाचा, इथे कसा, राजाने विचारले नाही. सवयच नव्हती. उचलला आणि गळ्यात घातला. जादूगार नुसता हसला. जादूगार हसला की शहाण्याने सावध व्हावे, पण राजांना हे सांगावे कोणी?

दुसऱ्या सकाळी राजापुढे ताट आले. राजाला सारे लख्ख दिसत होते. पिवळा रंग, गुळगुळीत साल, एका बाजूला बाक. पण ते काय आहे, हे काही केल्या कळेना. हातात घेऊन नाकाशी नेले, तेव्हा कळले की आंबा. राजाच्या मनात पाल चुकचुकली. कोणीतरी माझ्या वस्तू बदलतो आहे! मग आचाऱ्यावर पहारेकरी बसले, पहारेकऱ्यांवर हेर बसले, हेरांवर प्रधान बसला. प्रधानावर राजा स्वतः डोळा ठेवून होता, पण समोर उभा आहे तो प्रधान की हत्तीचा माहूत, हेही समोरच्याने तोंड उघडल्याशिवाय त्याला कळत नव्हते.

अशात राणी कुमुद्वती आली. राजाला भुवया दिसल्या, हनुवटीवरचा तीळ दिसला, नथीतला मोती दिसला. एकेक दिसले, पण सगळे जुळून राणी काही होईना.

"महाराज, आज जेवला नाहीत?" ती म्हणाली.

आवाज राणीचाच! राजा ताडकन उठला.

"ही चेटकीण आहे. माझ्या राणीचा आवाज चोरून आली आहे. खरी राणी कुठे आहे हे हिने सूर्यास्तापर्यंत सांगितले नाही, तर हिला कड्यावरून लोटा."

"महाराज, मीच आहे."

"चेटकीणही हेच म्हणेल."

शिपाई राणीला घेऊन गेले. राजा महालात एकटा येरझाऱ्या घालू लागला. तेवढ्यात खिडकीत लांब शेपटीचा एक टकाचोर पक्षी येऊन बसला आणि माणसासारखा बोलू लागला.

"महाराज, डोळे म्हणजे नुसत्या खिडक्या. खरे काम डोक्यात बसलेले तीन द्वारपाल करतात. पहिला पाठीमागे, तो कडा आणि रेषा वेचतो. दुसरा त्या जोडून आकार करतो. तिसरा कानशिलाच्या आत, आठवणींच्या कोठाराशी. आलेला आकार तो आठवणीशी ताडतो आणि सांगतो, ही अमुक वस्तू, हे अमुक माणूस. तुमचा एक द्वारपाल झोपला आहे."

"तुला कोणी पढवले?"

"कोणी नाही. मी त्या गुहेतला. मला तो कंठा हवा आहे."

घ्या! चोर स्वतःच्या तोंडाने चोरी कबूल करतो आहे. मीही त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

"तीन कामे करा, म्हणजे कळेल," पक्षी म्हणाला. "कोपऱ्यात आहे ते भिंतीवर काढा."

राजाने कोळसा घेतला आणि कोपऱ्यातली समई हुबेहूब काढली, वातीसकट.

"काय काढलेत?"

"ठाऊक नाही."

"पहिला जागा आहे. आता खिडकीखालच्या या ढिगातून एकसारखे आकार निवडा."

राजाने भांड्यांच्या ढिगातून वाटीशी वाटी लावली. पालथी होती, तीही ओळीत ठेवली.

"दुसराही जागा. झोपला तो तिसरा. त्याला गुहेतल्या भंगुर जादूगाराने या कंठ्यातून शाप दिला आहे, जो विचारणार नाही तो ओळखणार नाही. तेव्हा तिसरे काम. जिला ओळखत नाही, तिला सगळ्यांदेखत विचारा, तू कोण? आणि ती सांगेल ते खरे माना."

"चेटकिणीचे खरे मानू? चोर, चेटकीण आणि जादूगार, तुम्ही सगळे सामील आहात!"

राजाने पक्ष्याला हुसकावले आणि तो कड्याकडे निघाला.

कड्यावर सगळा दरबार जमला होता. ही राणीच आहे, हे प्रधानाला दिसत होते, शिपायांना दिसत होते, पालखीच्या भोयांनाही दिसत होते. पण राजापुढे नाव घ्यायचे कोणी? रीत म्हणजे रीत! एक बाई जिवानिशी जाते आहे आणि ही माणसे मान खाली घालून उभी. अशांचा मला संताप येतो.

सूर्य डोंगराला टेकला. शिपाई पुढे सरले. राजाला एक हात दिसला. कोणाचा ते कळेना, पण तो कड्याचा दगड घट्ट धरून होता एवढे कळले. आपली चूक झाली असेल तर, हा विचार त्याला पहिल्यांदाच शिवला, आणि तो घाबरला.

"थांबा," राजा म्हणाला. "तू कोण आहेस?"

दरबारी दचकले. राजाने विचारले!

"कुमुद्वती."

"मला कळत नाही. पण तू सांगतेस, म्हणून मानतो."

कंठ्याचा फासा आपोआप सुटला. कंठा खडकावर पडला, टकाचोराने झडप घातली आणि तो चोचीत धरून डोंगराकडे उडाला. भुवया, तीळ, मोती एकत्र आले, आणि राजाला दिसले की कड्याच्या टोकावर आपण कोणाला उभे केले आहे.

"ओळखले! कुमुद्वती, मी ओळखले!" राजा रडत पुढे धावला.

राणी कड्यापासून मागे आली, पण त्याच्याजवळ गेली नाही.

"महाराज, आपण मला ओळखलेत. पण मला इथे उभे करणारा पुरुष मी आज पहिल्यांदा पाहिला. त्याची ओळख पटायला मला वेळ लागेल."

शाप फिटला. जुनी रीत त्याच दिवशी मोडली, पहारे उठले, आचारी निर्धास्तपणे चुलीपाशी गेला. राजाला सगळे ओळखू येऊ लागले. राणी मात्र पुढे कितीतरी दिवस तो दालनात आला की दाराकडची बाजू धरून बसे, आणि ते पाहून राजा उंबऱ्याबाहेरच थांबे, ती आत ये म्हणेपर्यंत. कहाणी माझी इथे सरली, खरी मानायची की नाही ते तुमचे तुम्ही ठरवा.