हळदीच्या पानातले घरटे

एका घराच्या मागे छोटीशी बाग होती आणि त्या बागेत एक शिंपीण राहत असे. कपडे शिवणारी नव्हे हं, मुलांनो! ही पाने शिवणारी. मुठीत मावेल एवढे चिमुकले पाखरू, पण चोच कशी? सुईसारखी. पानाच्या दोन्ही कडांना भोके पाडायची, त्यांतून धागा ओवायचा, पान गुंडाळून त्याची पिशवी करायची आणि त्या पिशवीत मऊ मऊ घरटे. आता धागा कुठला, असे विचाराल. त्या घरच्या कुमुदकाकू तुळशीपुढे बसून वाती वळत. वाऱ्याने कापूस उडाला की शिंपीण तो झटकन उचलून नेई.

तिचा टाका इतका सुबक, की भिंतीवरची खार येता-जाता म्हणे, "बाई गं, तुझ्या चोचीला तोड नाही!" हे ऐकून शिंपीण अशी काही फुगे की विचारू नका. पण तिची एक खोड होती. ती पान बघायची, झाड बघायचीच नाही. बागेत तेरडा यायचा आणि जायचा, झेंडू यायचा आणि जायचा, मोगरा थंडीभर रुसून बसायचा. शिंपीणबाईंना त्याचे काय? रुंद पान, अरुंद पान, चिवट पान, फाटके पान. संपली त्यांची बाग!

त्या वर्षी तिचे आधीचे घरटे बोक्याने ओढून काढले. दिवाळी होऊन गेली होती, अंडी घालायची वेळ झाली होती आणि घर नव्हते. ती घाईघाईने बागभर फिरली. कोपऱ्यात हळदीचे रोप होते. त्याचे वरचे पान भले मोठे, मऊ, वासाचे. "हेच!" शिंपीण म्हणाली आणि लागलीच शिवायला बसली. तळाची पाने तेव्हाच कडेने पिवळी पडली होती. पण तळाशी बघतो कोण? वरचे पान तर हिरवेगार होते ना!

घरटे झाले, अंडी झाली आणि यथावकाश तीन पिल्ले बाहेर आली. उघडी, आंधळी, नुसती चोची वासून बसलेली. शिंपी, म्हणजे पिल्लांचा बाबा, दिवसभर किडे आणून आणून दमून जाई. सगळे कसे छान चालले होते. आणि एका सकाळी शिंपिणीला घरट्याच्या पानाची कड पिवळी दिसली.

ती भुर्रकन भिंतीकडे गेली. "खारुताई, पान पिवळं का गं पडतंय?"

"ऊन लागलं असेल," खार शेंग सोलत म्हणाली. "काही होत नाही गं!"

मुलांनो, "काही होत नाही" हे खारीचे ठेवणीतले औषध. ताप असो, पडसे असो, बोका असो, ती तेच द्यायची. शिंपिणीला तेवढ्यापुरते बरे वाटले. पण दुसऱ्या दिवशी पिवळेपणा आणखी आत सरकला. संध्याकाळी काकू झारी घेऊन आल्या. त्यांनी तुळशीला पाणी घातले, शेवंतीला घातले, पुदिन्याला घातले, गवती चहालाही घातले आणि हळदीला ओलांडून सरळ घरात गेल्या. "अहो काकू, विसरलात! हळद राहिली!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. काकूंना काय कळणार? त्या आतून म्हणाल्या, "आज पाखरू फार बोलतंय बाई," आणि दार लोटून घेतले.

पान मलूल झाले. टाके सैल पडल्यासारखे दिसू लागले. शिंपिणीची झोप उडाली. वारा नुसता हलला तरी ती पंख पसरून पिल्लांवर पडे.

"अगं, मग आणखी चार टाके घाल," खार म्हणाली. "तुझ्यासारख्या कारागिणीला काय अवघड?"

हे शिंपिणीला एकदम पटले. टाके घालणे तर तिला येतच होते! तिने सकाळपासून टाक्यांवर टाके घातले. पण ओल्या पानाला भोक पाडणे वेगळे आणि वाळत्या पानाला पाडणे वेगळे. पाचव्या की सहाव्या टाक्याला चर्रकन आवाज झाला आणि पान बोटभर फाटले. फटीतून खालची जमीन दिसली. जमिनीवर सरडा बसला होता. मान वर करून, अगदी निवांत, घरट्याकडे बघत.

शिंपीण झटकन शेजारच्या फांदीवर उतरून ओरडली, "सरडोबा, इथं काय करताय?"

"कुठं काय? बसलोय," सरडा म्हणाला.

"माझ्या पिल्लांवर डोळा आहे तुमचा! वर चढून याल तर डोळे फोडीन, सांगून ठेवते!"

सरड्याने मान हलवली. मान हलवली म्हणजे तो घाबरला असे समजू नका, त्याची ती सवयच होती. "वर कोण चढतंय, शिंपीणबाई? मागच्या थंडीत चढलो होतो. हळदीचं पान मला पेलत नाही. आपटलो आणि आठवडाभर कंबर धरून होतो. तेव्हापासून मी फक्त बघतो. शेवंती फुलली की हळद पिवळी पडायला लागते. मग काकू पाणी तोडतात."

"तोडतात? विसरतात!"

"विसरतात कसल्या! वरचं सुकलं की खालचा कंद पिकतो, म्हणून तोडतात. मग एकेक पान खाली येतं. तळाचं आधी, वरचं शेवटी. तळाची आली बघा." त्याने शेपटीने दाखवले. खरेच, दोन वाळकी पाने मातीवर लोळत होती. "तेव्हा मी कशाला दमू? तुमचं घरच माझ्याकडे येतंय."

शिंपिणीने तडक खारीकडे जाऊन सारे सांगितले. खारीने सगळे ऐकले. "काही होत..." ती म्हणू लागली आणि मध्येच थांबली. "तू पिल्लं उचलून दुसरीकडे ने गं!"

"मी काय मांजर आहे तोंडात धरून न्यायला?" शिंपीण रडकुंडीला येऊन म्हणाली. आणि मग ती कपडे वाळत घालायच्या तारेवर जाऊन बसली, कारण तिला दुसरे काही सुचेचना.

तारेवरून सगळी बाग दिसते. शिंपिणीने त्या दिवशी ती पहिल्यांदा पाहिली. तेरड्याची नुसती काटकी उरली होती. गवती चहाचे शेंडे तांबूस झाले होते. तुळशीच्या मंजिऱ्या वाळून खडखडत होत्या. शेवंती मात्र ऐन भरात होती. "म्हणजे सगळीच बदलतात! आणि मी इतके दिवस काय बघत होते?" तिला स्वतःचाच भयंकर राग आला. रागाच्या भरात ती एकेक झाड बघत गेली आणि हळदीच्या शेजारी थांबली. तिथे अडुळसा उभा होता. खोकल्याच्या काढ्यात घालतात ना, तोच कडू अडुळसा. थंडीचे त्याला काहीच नव्हते. पाने गर्द हिरवी, देठ घट्ट, बुडाशी पाचोळा जवळजवळ नाहीच. त्याची एक बारीक डहाळी तर तिच्या घरट्याला टेकलेली होती.

आणखी एक गोष्ट तिने पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सरडा हळदीखाली होता, पण तो मान हलवत नव्हता. कोपऱ्यात भिंतीची सावली होती आणि थंडीने त्याचे अंग लाकडासारखे आखडले होते. ऊन भिंतीवरून उतरून त्याच्या पाठीवर आले तेव्हा कुठे त्याची मान हलली. शिंपिणीने ते नीट मनात ठेवले.

मग तिने काम सुरू केले. हळदीच्या पानाला तिने चोचही लावली नाही. घरट्याच्या खालून आणि बाजूने अडुळशाची दोन पाने ओढून घेतली आणि एकमेकांना शिवायला घेतली. काम फक्त सकाळचे, सरड्यावर ऊन उतरेपर्यंत. अडुळशाचे पान जाड. चोच दुखून येई, तोंड कडूजहर होई. पिल्ले भुकेने ओरडत, शिंपी एकटाच किडे आणी आणि शिंपीण एक डोळा टाक्यावर, एक डोळा भिंतीवरच्या उन्हावर ठेवून शिवत राही. रोज वाटे, आजच पान तुटणार.

"काय चाललंय, बाई?" सरड्याने एकदा ऊन अंगावर आल्यावर विचारले.

"डागडुजी!"

"करा, करा," सरडा हसला. "मी आहेच खाली."

पिल्लांना पिसे फुटली. दोन्ही पाने खालून मिळाली, फक्त वरच्या कडेचा शेवटचा टाका राहिला. त्या सकाळी शिंपीण धागा घेऊन आली आणि बघते तर काय, हळदीचे पान देठापाशी वाकून लोंबत होते! तिने भोक पाडले, धागा ओवला, तो निसटला. पुन्हा ओवला. भिंतीवरून ऊन उतरले. सरड्याची मान हलली. शिंपिणीने धागा ओढला, टोक फुलवून त्याची गाठ केली आणि कट्ट!

हळदीचे पान देठातून तुटले. सरड्याने जबडा वासला. पण खाली आला तो फाटलेल्या पानाचा नुसता वाळका शेंडा. तो बरोबर त्याच्या नाकावर आपटला. घरटे अडुळशाच्या दोन पानांत झुलत होते आणि आतून तीन चोची कलकलाट करत होत्या.

सरडा असा चिडला! इतक्या दिवसांची वाट बघणे मातीत गेले होते. तो तरातरा अडुळशावर चढला. पण डहाळी बारीक. त्याच्या वजनाने ती वाकली, आणखी वाकली आणि सरडोबा पुन्हा कंबरेवर आपटले. त्या हिसक्याने घाबरून तिन्ही पिल्ले भुर्रकन बाहेर पडली आणि धडपडत तारेवर जाऊन बसली. शिंपीण त्यांच्याजवळ बसली आणि मनसोक्त रडली. शिंपी बिचारा चोचीत किडा धरून कुणाला भरवावा ते न कळून उभा राहिला.

पुढे काकूंनी हळद खणली, एक गड्डा मातीत तसाच ठेवला आणि पावसाळ्यात तिथून नवे कोंब वर आले. श्रावणात हळदीचे पान पुन्हा भले मोठे, मऊ आणि वासाचे झाले. यंदा तिथे शिंपिणीची धाकटी लेक चोच परजून बसली होती.

"बघतेस काय, शीव की!" खार भिंतीवरून म्हणाली. "केवढं सुंदर पान आहे! काही होत नाही गं!"

"थांब," शिंपीण लेकीला म्हणाली. "पान सुंदर आहे, खोटं नाही. पण शेवंती फुलते तेव्हा ते कुठं असतं, ते मी पाहिलंय. आधी माझ्याजवळ तारेवर येऊन बस."

हळदीखाली सरड्याने मान हलवली आणि तो दुसरीकडे निघून गेला.

तात्पर्य : वाळत्या पानाला कितीही टाके घातले तरी ऋतू थांबत नाही, आधी डोळे उघडून सगळी बाग पाहावी, मग जे टिकणार आहे त्याला टाका घालावा.