बद्द वाजणारा रांजण

ध्यानासाठी ज्योतीकडे बघता बघता एक भिक्खू भिक्षेची वेळ विसरला आणि उठताना एका थेरांच्या, म्हणजे वृद्ध भिक्खूंच्या, पायावर पाय देऊन बसला, तेव्हा शास्ते, म्हणजे बुद्ध, ही गोष्ट सांगू लागले. पूर्वी चंपानगरीत कोणी एक राजा राज्य करीत होता, त्याचं त्याला चाललं होतं. बोधिसत्त्व त्या वेळी कुंभारआळीत मल्लक कुंभाराचं गाढव होऊन माती वाहत होता.

मल्लकाने एक रांजण भाजून काढला. टिचकी मारली, तर आवाज जरा बद्द वाटला. चीर काही सापडेना. झालं. बाबा रांजणापुढे बसला तो बसलाच. चाक थांबलं. भाकरी पुढे आली की आधी तिला टिचकी. उखळाला टिचकी, उंबऱ्याला टिचकी. बायकोने, सामाने, मुद्दाम अळणी कालवण वाढलं, तेही मुकाट गिळलं. गाढवाला वैरण टाकायचं तर नावच नाही. दावं सुटलेलं होतं, नदीकाठी गवत होतं. पण मालकाचं भान हरपलेलं असताना आपण कसं जावं, म्हणून ते उपाशी दारातच उभं.

अशात लेकीला आपल्या मुलासाठी मागणी घालायला शेजारगावचा खेमक कुंभार आला. सामाचा जीव मुठीत. मुलगा लेकीच्या मनात भरला होता. खेमकाने पागोटं काढून अंबिलीच्या वाडग्यावर मान वाकवली. टक्कल कसं, घोटलेल्या मडक्यासारखं. मल्लकाने टिचकी मारली.

"बद्द आहे," तो म्हणाला. "आत चीर आहे."

खेमक उठला. "पोर बघायला आलो होतो, डोकं विकायला नाही."

सामाने कपाळावर हात मारला. मल्लकाने तो आवाजही कान देऊन ऐकला.

गाढव दारात वाट अडवून उभं राहिलं. "पाहुणे, थांबा जरा. मालक, त्या रांजणात कधी पाणी भरून पाहिलंत?"

मल्लकाला ते सुचलंच नव्हतं.

"एकच आवाज इतका ऐकलात, की बायकोची हाक ऐकू येईना," गाढव म्हणालं. "घागरी लादा माझ्यावर."

उपाशीपोटी त्याने नदीवरून खेपा केल्या. रांजण काठोकाठ भरला. थेंब गळला नाही. मल्लकाचं बोट सवयीने वर गेलं.

"आता वाजवाल तर हात मोडीन," सामा म्हणाली. "सोयऱ्यांना पाणी द्या."

खेमक घटाघटा प्याला, टकलावरून ओला हात फिरवला. "रांजण पक्का निघाला, म्हणजे माझं डोकंही पक्कंच. तिथी काढा. मांडवात मात्र यांचे हात बांधून ठेवा."

मल्लक हसला, आणि हसता हसता त्याला गाढवाची रिकामी गव्हाण दिसली.

एवढं सांगून शास्ते म्हणाले, "ज्योतीकडे बघता बघता भिक्षेची वेळ विसरणारा हा भिक्खू तेव्हा मल्लक होता. याने आज ज्यांच्या पायावर पाय दिला ते वृद्ध थेर खेमक होते. दोघांना वाढणारी उपासिका सामा होती. गाढव मी होतो."

एकात बुडालेल्याला न हिणवता बाहेर काढणं, ही प्रज्ञा. करुणा तिच्या पोटातच असते.