येसूची वाकडी टोपली

एका राज्यात सोन्याचा डोंगर होता. खरोखरच सोन्याचा, कुदळ मारावी तिथे पिवळं निघे. राजा सुमेध मनाचा भला, पण सौद्यात भोळा. डोंगर सापडला त्याच आठवड्यात धूम्रकेश नावाचा जादूगार वेशीवर हजर झाला. इतकी वर्षं बाजारात काढली, पण मालाच्या आधी दलाल कसा पोचतो हे मला अजून उमगलेलं नाही.

धूम्रकेश म्हणाला, "महाराज, डोंगर आपला, मेहनत माझी. टोपली माझी, दोर माझा, दिवा माझा. रोज भर दुपारी एक टोपली सोनं आपल्या पायाशी."

"आणि तुझं मोल?"

"प्रजेला जे जे कमी पडेल, ते माझ्याच तांड्याकडून घ्यावं. एवढंच."

"मान्य," राजा म्हणाला.

इतका स्वस्त सौदा समोर आला की जाणता माणूस तो उलटा करून पाहतो. राजाने पाहिला नाही.

पहिली टोपली वर आली आणि त्याच घटकेला एका रंगाऱ्याच्या ओंजळीतून निळा पक्षी उडाला. रंगारी हाताकडे पाहतच राहिला. कापडावर रंग कसा चढवायचा, ते त्याला आठवेना. त्यालाच काय, राज्यातल्या एकाही रंगाऱ्याला आठवेना. दुसऱ्या दिवशी विणकरांचा पक्षी उडाला, तिसऱ्या दिवशी लोहारांचा. टोपलीगणिक एक हुन्नर गेला. सगळे पक्षी राजवाड्याच्या पक्षीघरात जाऊन बसत आणि बोलत. "माती मळ, हवा काढ," असं एक म्हणे. "भाता ओढ, लाल होऊ दे," असं दुसरा म्हणे. दरबारी हसत. राजा त्यांना डाळिंबाचे दाणे घाली.

रडलं कोणी नाही. तांड्याचं कापड तलम, तांड्याची मडकी गुळगुळीत. जिवाजी कुंभाराने तर बायकोला विचारलं, "हे एवढं चाक अंगणात कोणी आणून ठेवलं गं?"

"कुणास ठाऊक. बसायला बरंय, बसा."

मग नांगरणाऱ्यांचा पक्षी उडाला आणि दाणाही तांड्याकडून येऊ लागला. दुपारी टोपलीभर सोनं वर येई, संध्याकाळी ते धूम्रकेशाच्या उंटांवर चढे. राजवाड्याच्या दारात मूठभर जोंधळ्यासाठी रांग लागे. सोन्याचा डोंगर मागे, रिकामी झोळी पुढे. अशा रांगेत उभं राहणाऱ्यांत येसू बुरडीण होती. एकेकाळी तिच्या टोपल्यांत पाणी भरलं तरी गळत नसे, असं लोक सांगत. आता तिला बांबू दिसला की ती त्यावर धुणं वाळत घाली.

येसूची लेक मंजुळा पोटुशी होती, दिवस भरत आले होते, आणि पोटातलं बाळ आडवं होतं. ठकूबाई सुईण पोटावर हात फिरवून म्हणाली, "भिऊ नकोस पोरी, वळवीन मी त्याला. असली दहा वळवलीत." मग तिने येसूला बाहेर नेलं आणि आवाज खाली घेतला. "येसू, राज्यात तीनच हुन्नर उरलेत, शेवटचा माझा. पक्षी उडायच्या आधी तीन दिवस तळहाताला खाज सुटते. मला आज सुटली."

येसू तशीच दरबारात गेली. धूम्रकेश तिथेच होता.

"महाराज, तीन दिवस डोंगर थांबवा."

राजाचा चेहरा उतरला. "बाई, सोनं थांबलं तर तांडा वेशीवरून परत जाईल. आठ दिवसांत नगर उपाशी मरेल. सुईणच हवी ना? परदेशातून मागवतो."

"कधी पोचेल?"

"चाळीस दिवसांत," धूम्रकेश म्हणाला. "उत्तम सुईण आहे."

"तुमची सुईण उंटावरून उतरेल तेव्हा बाळ तिला सामोरं चालत जाईल, शेठ. जगलं तर."

राजा उठला. का उठला ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण काही अडलं की तो पक्षीघरात जाऊन बसे. त्याने येसूलाही सोबत नेलं. तिथे एक हिरवा पोपट म्हणत होता, "सहा उभ्या, एक आडवी. बूड घट्ट, मग अंग." येसूची बोटं आपोआप हलली.

राजाने ते पाहिलं. त्याने धावत जाऊन पक्षीघराचं दार उघडलं. "जा रे, घरी जा!"

एकही पक्षी हलला नाही. पोपट म्हणाला, "दाराला कडी कधी नव्हतीच, राजा. आम्ही हाकेला येत नाही, कामाला येतो."

"मग शाप कसा फिटेल?"

"परक्या टोपलीत भरलेलं सोनं एक हुन्नर घेऊन जातं. टोपली इथली, दोर इथला, दिवा इथला, असं एकदा तरी घडू दे. मात्र डोंगर प्रश्न विचारील. ते आम्हांला ठाऊक नाहीत."

राजा येसूकडे वळला. सौदा झाल्यापासून प्रथमच त्याने प्रजेतल्या कुणाला काम सांगितलं. "येसूबाई, डोंगरासाठी एक टोपली विणून द्याल?"

तो बोलला मात्र, पोपट येसूच्या मनगटावर येऊन बसला.

पहिला दिवस टोपलीचा. पोपट शिकवी, येसू विणी. कामट्यांनी बोटं कापली. "आडवी गं, आडवी!" पोपट ओरडे. "तुझ्या चोचीनं वीण मग!" येसू म्हणे. टोपली झाली, पण एका अंगाला कलली.

दुसरा दिवस दोराचा. मंजुळेचा नवरा सदबा मूळचा दोर वळणारा. वर्षभर रांगेत उभा राहून पाय सुजलेला. एक साळुंकी त्याच्या खांद्यावर बसली. "मला नाही जमायचं," तो म्हणाला. सासू म्हणाली, "जावईबापू, आत बायको कण्हतेय. कण्हण्याच्या लयीत पीळ घाला." त्याने घातला.

तिसरा दिवस दिव्याचा. जिवाजीला उठवून त्याच्या बायकोने चाक मोकळं केलं. "माती मळ, हवा काढ" म्हणणारा पक्षी त्याच्याशेजारी उतरला. सकाळभर खपून, आव्यात भाजून त्याने एक पणती काढली. तिला मधोमध बारीक चीर होती.

दुपार झाली. ठकूबाईच्या तळहातातून चोच बाहेर आली होती. तिने मूठ आवळून धरली होती. वेशीवर तांडा उभा. डोंगराच्या दारात धूम्रकेश आपली घोटीव टोपली घेऊन उभा. येसूची टोपली पाहून तो गडगडून हसला. "महाराज, हिच्यातून सोनं गळेल."

खोटं नव्हतं ते. धंद्यात मी एक गोष्ट फार उशिरा शिकलो: सरळ माल कोणीही उचलतो; वाकडा माल उचलून, हाच हात उद्या सरळ विणील हे ओळखायला वेगळी नजर लागते. राजाने वाकडी टोपली उचलली, कमरेला सदबाचा दोर बांधला, हातात पणती घेतली आणि स्वतः खाली उतरला.

पणती फडफडली, पण विझली नाही. दोर करकरला, पण तुटला नाही. टोपली भरली तेव्हा डोंगर बोलला.

"टोपली कोणाची?"

"येसूची."

"दोर कोणाचा?"

"सदबाचा."

"दिवा?"

"जिवाजीचा."

"आणि सोनं कोणाचं?"

'माझं' हा शब्द राजाच्या ओठांवर आला. वर्षभर तो हेच म्हणत आला होता. वरून, पायथ्याच्या येसूच्या घरातून, मंजुळेची किंकाळी ऐकू आली. राजाने शब्द गिळला.

"या तिघांचं. रांगेत उभ्या असलेल्यांचं. आणि जे अजून जन्मायचं आहे त्याचं. माझ्याकडे फक्त राखण."

डोंगर म्हणाला, "ने."

राजा वर आला तेव्हा बुडाच्या फटीतून निम्मं सोनं गळून गेलं होतं. पण पक्षीघर आकाशात उधळलं होतं. निळा पक्षी रंगाऱ्यांकडे गेला, पोपट येसूच्या हातात विरघळला. ठकूबाईने मूठ उघडली. चोच आत गेली होती. ती धावली. दिवस कलता कलता मंजुळेला मुलगी झाली, डोक्याकडून, सुखरूप.

निम्म्या सोन्यात तांड्याने निम्माच दाणा दिला. पीक हाती येईपर्यंत नगर अर्धपोटी राहिलं, राजाही राहिला. पुढे डोंगर रोज उघडत नसे. राज्यात जेवढ्या टोपल्या विणल्या जातील तेवढ्याच वेळा उघडे. त्यातल्या सोन्यातून आधी पाट निघाले, मग चाकं, माग, भाते.

पीक आल्यावर धूम्रकेशाचे उंट रिकामे परतले. तो मात्र जाईना. दुसऱ्यांच्या हातचा माल विकण्यापलीकडे त्याला काही येतच नव्हतं. राजा म्हणाला, "राहा. पण येसूबाईंच्या हाताखाली." तेव्हापासून बुरूडआळीत दिवसभर एकच आवाज ऐकू येई: "आडवी, शेठ, आडवी!"

आणि ती वाकडी टोपली? येसूने तिची फट बुजवली, आत मऊ कापड घातलं आणि नातीला निजवलं. टोपली कललेली असल्यामुळे नुसतं बोट लावलं तरी झुले.

तिचा पाळणा हलला, तसा तुमच्याही घरी हलो. आणि तो विणणारे हात तुमच्या गावात सदा कामात असोत.