नदीकडच्या दरवाज्यावरची डहाळी

एकदा एका वृद्ध राजवैद्यांनी भर दुपारी असे काही केले, की त्यांचा शिष्य त्यांच्यावरच संतापला.

एका अरुंद नदीच्या दोन तीरांवर दोन राज्ये होती. राजांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे हाडवैर. नावाड्यांची ये-जा मात्र चालूच असे. अलीकडच्या किल्ल्यात देवीची साथ शिरली आणि निम्मे सैन्य अंथरुणाला खिळले. घरात देवी आल्या की दाराला कडुनिंबाची डहाळी बांधायची, म्हणजे येणारा बाहेरूनच परततो, अशी तिथली रीत. वैद्यांनी तीच डहाळी किल्ल्याच्या दरवाज्यावर बांधली; आणि तीही नदीकडच्या, शत्रूला लख्ख दिसेल अशी.

शिष्याचा धाकटा भाऊ त्याच दरवाज्यावर पहाऱ्याला होता.

"गुरुजी, हे काय केलंत? आपण किती दुबळे झालोय, ते आता त्यांना कळलं. उद्या चाल करून येतील. पहिला माझा भाऊ मरेल."

"येतीलही," वैद्य म्हणाले आणि त्यांनी गाठ घट्ट केली.

शिष्य धुमसत तटावर बसून राहिला. उन्हे कलताना पैलतीरावरचा दरवाजा उघडला. दोन शिपाई बाहेर आले. त्यांच्या हातांत भाले नव्हते, डहाळी होती. ती त्यांनी दरवाज्यावर बांधली, आणि शिष्य मुळापासून हादरला. डहाळीची पाने पार वाळून गेली होती.

"म्हणजे साथ त्यांच्याकडे कधीचीच आहे. डहाळी आतल्या बाजूला बांधून गप्प बसले. आपले नावाडी तिथूनच आजार घेऊन आले. गुरुजी, हे लपवणारा माणूस म्हणायचा की राक्षस?"

वैद्य त्याच्याशेजारी तटावर बसले.

"बारा वर्षांपूर्वी साथ आधी आपल्याकडे आली होती," ते म्हणाले. "तेव्हा महिनाभर डहाळी आतून बांधणारा मीच. राजाज्ञा होती, आणि मलाही ते शहाणपणाचं वाटलं. पलीकडची चार गावं ओस पडली. बाळा, वैर करायलासुद्धा दोन्ही तीरांवर माणसं उरावी लागतात. कुणीतरी आधी बाहेर बांधायला हवी होती. तेवढं धैर्य यायला मला बारा वर्षं लागली."

 आपण राक्षस कुणाला म्हणालो, ते शिष्याला आता कळले.

दुसऱ्या दिवशी चाल झाली नाही. दोन्ही काठांवरच्या नावा मात्र बांधलेल्याच राहिल्या. शिष्य ताजी डहाळी तोडून दरवाज्याशी गेला, तेव्हा भावाने काही न विचारता शिडी धरली.

शेजारच्या घरातला आजार आपल्याला वेळेवर कळावा असे वाटत असेल, तर आपल्या दारावरची डहाळी आधी बाहेरून बांधावी.